ताईंच्या नावाचा फॉर्म

आधीच सांगून ठेवते, त्या हिमानी नावाच्या पोरीची यात काडीचीबी चूक नाय. तिनं विचारलं, मी सांगितलं. खोटं सांगितलं ते माझं मी. आणि एकदा सांगून भागलं नाय, लिहूनबी दिलं.

माझा डावा पाय पोलिओचा. आमच्या कन्नड तालुक्यातल्या गावात मला दोन वर्षांची असताना ताप आला, चार दिवसांनी उतरला आणि पाय घेऊन गेला. तवापासून डावं पाऊल बारकं राहिलं. डाव्या पायाला तीन नंबरची चप्पल लागते, उजव्याला सहाची. आणि दुकानदार तर जोड विकतो, दोन्ही एकाच मापाच्या. त्याला म्हणावं, बाबा एक ह्यातली दे, एक त्यातली दे, तर तो म्हणतो, मग राहिलेल्या दोन कुणाच्या डोक्यात घालू? लग्न होईस्तोवर मी सहाच्याच जोडात डाव्या पायाला चिंध्या कोंबून चालले. पाऊस आला की चिंध्या भिजायच्या आणि पाय कुजल्यावानी वास मारायचा. शाळेत पोरी नाक धरायच्या.

एक्क्याण्णव साली शहरात कॅलिपरचं, म्हणजे पायाला लावायच्या लोखंडी पट्ट्यांचं, फुकट शिबिर लागलं. तोवर माझं लग्न होऊन मी मुकुंदवाडीत आले होते, मालक चिकलठाण्याला कंपनीत लागले होते. शिबिरात पाय कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखून घेत होते. माझ्या शेजारी एक बाई बसलेली. चष्मा, कडक इस्त्रीची साडी, कुठल्यातरी कचेरीत कारकून असणार हे दिसतच होतं. तिनं माझा कागद बघितला, आपला बघितला, मग आपला उलटा करून माझ्यावर ठेवला आणि खिडकीच्या उजेडात धरला. रेघेला रेघ जुळली. तिचा उजवा पाय पोलिओचा. माझं जे डावं, ते तिचं उजवं.

"अगं," ती म्हणली, "आपण दोघींनी मिळून तीनचा एक जोड घेतला आणि सहाचा एक घेतला तर?"

मी म्हणलं, "बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता."

त्या भानुमतीताई. मी भानूताई म्हणायला लागले. तवापासून चोवीस वर्षं, दर दिवाळीच्या आधी आम्ही दोघी गुलमंडीवर कचरूभाऊंच्या दुकानात जायचो. एकाच बनावटीचे, एकाच रंगाचे दोन जोड घ्यायचे, एक तीनचा, एक सहाचा, आणि तिथंच बाकावर बसून वाटून घ्यायचे. आता रंग एकच म्हणल्यावर भांडणं आलीच. ताईंना तपकिरी नायतर काळी, सपक. मला लाल पाहिजे, सोनेरी पट्टी पाहिजे, जरा उठून दिसलं पाहिजे. "आवडे, मी कचेरीत जाते, तमाशात नाही," असं त्या मला भर दुकानात म्हणायच्या. शेवटी पाळी लावली. एक साल त्यांची पसंती, एक साल माझी. माझ्या सालात ताई वर्षभर लाल चपला घालून साहेबासमोर उभ्या राहायच्या आणि मला फोन करून शिव्या द्यायच्या.

लई गोड शिव्या होत्या त्या.

चपला घेतल्यावर आम्ही इमरती खायचो आणि मग पायीच निघायचो. मला डाव्या अंगाला झोक जातो, त्यांना उजव्या अंगाला. मी उजवीकडनं आणि त्या डावीकडनं चालल्या की दर पावलाला खांद्याला खांदा लागायचा. आमचे मालक, नानासाहेब, माणूस सोन्यासारखा, पण जन्मभर माझ्यापुढं दहा पावलं चालले. ताईंनी लग्न केलंच नाय. सिडकोत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या, एक भाचा होता, अमेय, तो पुण्याला. माझ्या बरोबरीनं चालणारं माणूस मला आयुष्यात एकच मिळालं, आणि ते चपलेपायी मिळालं. दुसरं आमच्यात काय होतं? त्या बामणाघरच्या, मी कुणब्याची. त्या पुस्तकं वाचायच्या, मी साड्यांना फॉल-पिको करायची. चप्पल नसती तर त्यांनी मला वर्षावर्षाला कशाला हाक मारली असती? ही गोष्ट माझ्या मनात कायम होती.

पंधरा साली पाऊस पडलाच नाय. सलग दुसरं साल. आमच्या गल्लीत सहाव्या दिवशी नळ यायचा, गावाकडनं भाऊबंद जनावरं विकून इकडं कामाला येत होते, आणि इकडं चिकलठाण्याच्या रस्त्याला नवीन बिल्डिंगा मात्र टँकरच्या पाण्यावर वाढतच होत्या. दसऱ्याच्या आधी एक दिवस ताईंचा फोन आला. आवाज एकदम पोरीवानी.

"आवडे, ऐक! क्रांती चौकात ते मोठं चपलांचं दुकान झालंय ना, त्यांनी आपल्यासारख्यांसाठी वेगळा माल काढलाय. ‘ज्याचं त्याचं माप’ नाव आहे. डावी एका नंबरची, उजवी दुसऱ्या नंबरची, हवी तशी मिळते. ज्याला एकच पाय त्याला एकच. दिवाळीपर्यंत चालवून बघतायत. बोलावलंय त्यांनी आपल्याला, मत सांगायला."

"मग आपली पाळी?" मी म्हणलं. त्या सालची पाळी माझी होती.

"अगं कसली पाळी आता! तू लाल घे, मी तपकिरी घेईन. सुटलो की दोघी!"

सुटलो म्हणल्या. मी फोन ठेवला आणि तशीच मशीनवर बसून राहिले. मालक म्हणले, काय झालं, कुणी गेलं का? मी म्हणलं, कुणी नाय गेलं, चहा पाहिजे असंल तर तुमचा तुम्ही करा. माझ्या डोक्यात एकच घुमत होतं. ह्या बाईला माझ्यापासून सुटायचंय. चोवीस वर्षं ती लाल चपला गिळून बसली, आता तिला मोकळा रस्ता मिळाला. पुढच्या दिवाळीला फोन येईल, त्याच्या पुढच्या दिवाळीला येणार नाय.

मत सांगायच्या दिवशी ताई आल्याच नाय. फोन केला, बरं वाटत नाही म्हणल्या. "तू जा, आणि माझंही सांग. तुला माहीत आहेच माझं मत."

माहीत होतं ना. म्हणून तर जीव जळत होता.

रिक्षातनं उतरले. बघते तर लंगड्यापांगळ्यांची बैठक, आणि ठेवलेली पहिल्या मजल्यावर! कठडा धरत धरत वर गेले. बारा नावं होती, ताई सोडून अकराजण हजर. भिंतीवर हे भलंमोठं चित्र, एक गोरी पोरगी हसतेय आणि दोन्ही पाय सरळ केळीच्या खांबासारखे. हिमानी म्हणून कंपनीची पोरगी होती, तिनं सगळ्यांना पाणी दिलं, चढून यायला लावलं म्हणून हात जोडून माफी मागितली. पोरगी गुणाची. मग तिनं विचारलं, असा माल कायम ठेवला तर तुम्ही घ्याल का?

पहिला कडुबाभाऊ बोलला. त्याचा डावा पाय मांडीपासून मशीनमध्ये गेलेला, कुबड्यांवर चालतो, पार्किंगच्या पावत्या फाडतो. म्हणला, "मॅडम, मला लई गरज आहे. नऊ वर्षं झाली, दर साली जोड घेतो, उजवी झिजवतो. डाव्या पायाच्या नऊ कोऱ्या चपला माझ्या खाटेखाली पडल्यात. टाकवत नाय, कुणाला देता येत नाय. रोज झाडताना बायको सरकवते आणि परत ठेवते."

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. अजून एकानं तोंड उघडलं असतं तर खेळ संपला असता, हे मला कळत होतं. आणि माझं तोंड सुटलं.

"कडुबाभाऊ," मी म्हणलं, "नऊ चपला आहेत तर तोरण बांधा की दाराला! घराला नजर तरी लागायची नाय!"

सगळे हसले. कडुबाबी हसला, खाली बघून. माझ्या जिभेला हाड नाय हे मला लहानपणापासून ऐकवलंय, पण त्या दिवसाइतकं ते खरं कधी नव्हतं.

एकदा लोक हसले की ते आपले झाले. मग मी सुरूच झाले. म्हणलं, "पोरी, तुझा हेतू चांगला आहे, पण हे वेगळं कपाट कशाला? रस्त्यानं जाणारा बघणार आणि म्हणणार, ते बघा लंगड्यांचं कपाट. आम्ही आजवर चारचौघांच्या दुकानात चारचौघांसारखं घेत आलो. आणि तुझ्या चित्रातली पोरगी बघ, आमच्यातली एकबी मिळाली नाय तुला? आमच्या नावानं विकायचं आणि आमचं तोंड दाखवायची लाज?" ह्यातलं काय खोटं होतं सांगा. एक अक्षर खोटं नव्हतं. खोट्यात खरं कालवलं की कुणालाबी पचतं. माना डोलायला लागल्या. सारजाबाई नावाची पैठणकडनं आलेली एक बाई होती, पोरीला घेऊन आलेली, पोरीचे पाय लहानमोठे. ती हळूच म्हणली, "पण बाई, पोरीला शाळेत..." मी तिला मधीच तोडलं. "अगं आपलं आपण जुळवावं. मी चोवीस वर्षं जोडीदारीण धरून चालले. माणसं माणसांना धरून राहतात, तुझ्या पोरीलाबी मिळंल कुणीतरी."

मग खोटं बोलले. हिमानीनं विचारलं, तुमच्या मैत्रिणीचं काय मत आहे? मी म्हणलं, "त्यांचंबी हेच. त्यांना नको."

तिनं सगळ्यांना फॉर्म दिले, घरी भरून आणा म्हणली, आणि ताईंसाठीबी एक कोरा दिला. ताईंचा मी त्यांच्याकडं नेलाच नाय. आपल्या मशीनवर बसून भरला. गरज आहे का? नाही. वापराल का? नाही. कारण? सध्याच्या सोयीवर समाधानी आहे. खाली ‘भानुमती’ म्हणून सही केली. माझी शाळा दुसरीतच सुटलेली; लिहायला आणि सही करायला मला ताईंनीच शिकवलं होतं, अंगठा लावते म्हणून माझ्यावर चिडून, त्यामुळं आमच्या दोघींचं अक्षर बरंचसं सारखंच. दोन दिवसांनी नेऊन दिला.

दिवाळीच्या आधी ताईंचा फोन आला. "आवडे, तो माल बंद केला म्हणे. मी काल जाऊन आले. सगळ्यांनीच नको म्हटलं, असं दुकानातला मुलगा म्हणाला. असं कसं गं म्हटलं सगळ्यांनी?"

"लोकांचं काय सांगता येतंय ताई," मी म्हणलं. "चला की मग कचरूभाऊंकडं. पाळी माझी आहे."

त्या म्हणल्या, "हो. तुझीच आहे."

मी लाल निवडल्या, पुढनं निमुळत्या, दोन बारीक पट्ट्यांच्या. ताईंनी बाकावर बसून सहाची डावी पायात घातली. एरवी त्या दुकानात दोन चकरा मारून बघायच्या, त्या दिवशी उठल्याच नाय. कचरूभाऊ म्हणले, "ताई, जरा चालून बघा की." त्या म्हणल्या, "बसतेय बसतेय, नेहमीचंच माप आहे." इमरतीला नको म्हणल्या, साखर वाढलीय म्हणल्या. रिक्षानं जाऊ म्हणल्या. मला दिसत होतं का? दिसत होतं. पण मला इतका आनंद झाला होता की मी बघितलं नाय. माझी दिवाळी मला परत मिळाली होती.

उन्हाळ्यात पाण्याचे हाल सुरू झाले. सिडकोत ताईंच्या बिल्डिंगचं बोअर आटलं. चैत्रात मी तीनदा फोन लावला, उचलला नाय. चौथ्या दिवशी काम सोडून गेले. तीन जिने चढून दार वाजवलं तर आतनं आवाज आला, "लोटलेलंच आहे."

ताई पलंगावर होत्या. डाव्या पायाला जुन्या साडीची पट्टी. खोलीत एक वास होता, तो वास मला चांगला ठाऊक होता. मी पट्टी सोडली. पाऊल सुजून भाकरीवानी झालेलं, करंगळीच्या अंगाला चपलेची पट्टी जिथं येते तिथं जखम, आणि आतनं काळं पडलेलं.

"हे कधीपासनं?" मी ओरडलेच.

"जखम फाल्गुनातली. बिल्डिंगचा टँकर यायचा, खाली उतरून भांडी भरून आणायची. दोन-दोन खेपा. साखरेमुळं पायाला कळतच नव्हतं काही." मग जरा थांबून म्हणल्या, "पाऊल मात्र तीन वर्षांपासून वाढलंय, आवडे. सूज उतरतच नाही. मला आठ नंबर लागतो आता."

"आठ? आणि तुम्ही सहाचीच घालत होता?"

"मग काय करणार? मी आठची घ्यायची म्हटली तर तुझ्या सहाच्या जोडातली डावी कोण घेणार? आठच्या जोडातली एक वाया, सहाच्या जोडातली एक वाया. तुझी जोडी मोडली असती." मी सोडलेली पट्टी हातातच धरून उभी होते. "त्या क्रांती चौकातल्या मालावर मी फार आशा ठेवली होती गं. तुला सांगितलंच नव्हतं माझ्या पायाचं, म्हटलं तिथं गेल्यावर गुपचूप आठची घेईन, तुला कळणारही नाही. तू आपली सहाची लाल घेशील. आणि मग दोघी मिळून इमरती खायला जाऊ. फार वाईट झालं बघ ते बंद झालं."

दोघी मिळून. त्यांच्या मनात मला सोडायचं कधीच नव्हतं. त्या सुटणार होत्या त्या चपलेतनं, माझ्यातनं नाय. हे मी तिथं उभ्या उभ्या समजले आणि मला वाटलं, आता ह्या तिसऱ्या मजल्यावरनं खाली उडी टाकावी. पण कशी टाकणार? ताईंना दवाखान्यात कोण नेणार होतं?

खालच्या रिक्षावाल्या चाचांना हाक मारली. "अरे अम्मा, ये तो बहोत बिगड गया," म्हणत त्या माणसानं ताईंना पाठीवर घेऊन तीन जिने उतरवलं. दवाखान्यात त्याच दिवशी भरती केलं. दोन बोटं काढावी लागली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. डॉक्टर म्हणले, अजून पंधरा दिवस गेले असते तर पाऊल गेलं असतं. आता वाचलंय ते जपा. पायाला सैल, नेमक्या मापाची, मऊ चप्पल पाहिजे, परत कुठं घासलं तर मी काय करू शकणार नाय. त्यांचा चांगला पाय होता तो. दोन्ही पायांत मिळून एकच धड.

मी तशीच क्रांती चौकात गेले. हिमानी होती. माझं तोंड बघून तिनं आधी खुर्ची दिली. मी म्हणलं, "पोरी, आठची डावी आणि तीनची उजवी पाहिजे. कुठूनबी आण."

"मावशी, ते इथलं बंद झालं. पुण्यात चालू आहे, तिथं लोकांनी उचलून धरलं." तिनं फाईल काढली. "इथं बारापैकी अकरा जणांनी नको लिहिलं. एकट्या कडुबांनी हवं लिहिलं होतं. मी वरती काय सांगू?"

कडुबा. मी त्याचं हसं केलं आणि तरी तो गडी घरी जाऊन खरं लिहून बसला. मला त्याच्यापुढं नाक घासावंसं वाटलं. पण नाक घासून चप्पल मिळत नाय.

"माझ्या मैत्रिणीचा पाय कापायची पाळी आली होती," मी म्हणलं. "तिला पाहिजे आहे. तिला पहिल्यापासून पाहिजे होतं."

हिमानीनं एक फॉर्म बाहेर काढला आणि माझ्यापुढं ठेवला. "पण मावशी, त्यांनी स्वतःच नको लिहिलंय."

मी त्या फॉर्मकडं बघितलं. माझंच अक्षर. म्हणलं, "ते मी लिहिलं. तिनं नाय. तिला माहीतबी नाय."

पोरीनं फाईल मिटून बाजूला ठेवली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणली, "मग त्यांनाच दुरुस्ती करावी लागेल. जुना फॉर्म त्यांना दाखवा, हा माझा नाही असं त्यावर त्यांच्या हातानं लिहून घ्या, आणि नवीन भरू द्या. तुम्हीही तुमचा बदलून द्या. दोन-चार जणांनी जरी बदलून दिले तरी मी पुण्याहून त्यांच्या मापाची मागवते, आणि इथलं परत चालू करायला भांडते."

दोन्ही कागद पिशवीत घालून मी दवाखान्याच्या रस्त्याला लागले. खोटं कशाला बोलू, वाटेत हात शिवशिवला. ताईंचा नवा फॉर्म मीच भरला तर? ‘हवे आहे’ लिहायचं, सही करायची, चप्पल येईल, ताईंचा पाय वाचंल आणि त्यांना कधीच काय कळणार नाय. टपरीवर बसून मी पेनसुद्धा काढला. चहा थंड झाला. मग पेन परत ठेवला. एवढी तरी अक्कल शिल्लक होती.

ताई उशाला टेकून बसल्या होत्या. मी जुना फॉर्म त्यांच्या हातात दिला आणि जे होतं ते सगळं सांगितलं. कडुबाचं, सारजाबाईच्या पोरीचं, मशीनवर बसून भरल्याचं. का केलं तेबी सांगितलं. "मला वाटलं तुम्ही मला सोडणार," म्हणलं, आणि रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. चष्मा लावून फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग परत पहिल्यापासून वाचला.

"समाधानी आहे," त्या म्हणल्या. "बरं लिहिलंयस."

"ताई, मला चपलेनं मारा."

"मी अठरा वर्षांची होते," ताई माझ्याकडं न बघता म्हणल्या. "एक स्थळ आलं होतं. मुलाला सगळं सांगितलेलं होतं, तरी तो तयार होता. दादानं परस्पर कळवलं, तिला लग्न करायचं नाही. मला दोन वर्षांनी कळलं. नोकरीत बढती आली, जालन्याला जायचं होतं. साहेबांनी वर लिहून पाठवलं, यांना प्रवास झेपणार नाही, त्या इथेच समाधानी आहेत. मला विचारलं नाही. माझ्या नावानं सगळ्यांनी कायम नकोच कळवलं, आवडे. सगळे माझ्या मायेचेच होते. एक तू होतीस, जी मला विचारायची. रंग कोणता, पट्टी कशी, हे बरं का ते बरं. भांडायचीस, पण विचारायचीस."



त्यांनी पेन मागितला. जुन्या फॉर्मवर लिहिलं, ‘हा मी भरलेला नाही.’ खाली सही केली. मग नवा भरला. डावा आठ, उजवा तीन. गरज आहे का, तिथं ‘आहे’ लिहून खाली दोन रेघा मारल्या. सगळं ठाम हातानं, अक्षर जरासुद्धा हललं नाय. मी डोळे पुसले आणि हात पुढं केला.

"आणा ताई, आत्ता नेऊन देते. ती पोरगी वाट बघतेय."

त्यांनी दोन्ही कागदांची नीट घडी घातली आणि उशीखाली ठेवली.

"राहू दे," त्या म्हणल्या. "उद्या अमेय येतोय. तो देईल."